वाचकांचे प्रश्न : परक्या यंत्रांशी बोलताना

वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या काळात आणि एकमेकांना न विचारता बनवलेली यंत्रे आपसांत माहितीची देवघेव कशी करतात, आणि ती करताना मध्येच काय बिघडते, याविषयी आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. प्रश्न संक्षिप्त केले आहेत. उत्तरांत शक्य तेथे प्रत्यक्ष आकडे आणि अक्षरे दिली आहेत, कारण ‘दोन यंत्रणा जुळत नाहीत’ एवढ्या निदानाने कोणाचेही काम पुढे सरकत नाही. नेमके काय, कोठे आणि कोणत्या टप्प्यावर बदलले, हे पाहावे लागते.

प्रश्न : माझा मोबाइल एका कंपनीचा, घरातला लॅपटॉप दुसऱ्या कंपनीचा, आणि मुलगी जर्मनीत असल्यामुळे तिकडचे नेटवर्क तिसऱ्याच कंपनीचे. तरीही आमचे बोलणे विनासायास होते. या सर्व कंपन्यांनी आतून एकच पद्धत स्वीकारली आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, बार्शी

उत्तर : नाही. आतली पद्धत प्रत्येकाने आपापली ठेवली आहे आणि इंटरनेट टिकले ते त्यामुळेच. १९६९ मध्ये अमेरिकेत ‘अर्पानेट’ हे इंटरनेटच्या आधीचे संगणकांचे जाळे सुरू झाले तेव्हा त्याच्या पहिल्या चार ठिकाणी चार निरनिराळे संगणक होते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिग्मा ७, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एसडीएस ९४०, सांता बार्बरा येथे आयबीएम ३६०/७५ आणि युटा विद्यापीठात पीडीपी-१०. हे संगणक एका वेळी हाताळत असलेल्या माहितीचा एककही सारखा नव्हता. एसडीएस ९४०मध्ये तो २४ बिटांचा होता (बिट म्हणजे ० किंवा १ एवढा माहितीचा सर्वांत छोटा अंश), सिग्मा आणि आयबीएममध्ये ३२ बिटांचा आणि पीडीपी-१०मध्ये ३६ बिटांचा. प्रत्येकाने उरलेल्या तिघांची रीत शिकायची असे ठरले असते, तर पाचवा संगणक जोडताना चौघांनाही पुन्हा कामाला लागावे लागले असते. वेस्ली क्लार्क यांनी १९६७ मध्येच यावर तोडगा सुचवला होता. प्रत्येक ठिकाणी मोठ्या संगणकाच्या शेजारी एक छोटा संगणक बसवावा, जाळ्याचे सारे काम त्या छोट्या संगणकांनी आपसांत करावे, आणि मोठ्या संगणकाने फक्त आपल्या शेजाऱ्याशी बोलायला शिकावे, असा तो तोडगा होता. आज आपल्या घरातील राउटरच्या घराण्याचे मूळ तेथे सापडते.

याहून अवघड पायरी पुढे आली. सत्तरच्या दशकात जाळीच वेगवेगळी झाली. अर्पानेट टेलिफोन कंपन्यांकडून भाड्याने घेतलेल्या तारांवर चाले, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात रेडिओवर चालणारे जाळे उभे राहिले होते, आणि अटलांटिकपलीकडे जाण्यासाठी उपग्रहाचे तिसरे जाळे होते. तारेवर माहिती सहसा हरवत नसे. रेडिओवर गाडी पुलाखाली गेली तरी ती हरवे. उपग्रहावर ती पोचे, पण उशिरा. बॉब कान आणि विंट सर्फ यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडलेला विचार मला आजही अतिशय धाडसी वाटतो. कोणत्याही जाळ्याला आतून बदलायला सांगायचे नाही. दोन जाळ्यांच्या हद्दीवर एक यंत्र ठेवायचे. आणि वाटेत जे हरवेल ते पुन्हा पाठवण्याची जबाबदारी जाळ्यावर न टाकता दोन टोकांच्या संगणकांवर टाकायची. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी ‘सिक्लाद’ या जाळ्यात टोकांवर अशी जबाबदारी टाकून पाहिली होती आणि त्या अनुभवाचा उपयोग येथे झाला. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर धावणाऱ्या एका गाडीतून निघालेली माहिती रेडिओ, उपग्रह आणि तारा अशी तिन्ही जाळी ओलांडत युरोपला जाऊन परत कॅलिफोर्नियात पोचली, तेव्हा हा विचार प्रत्यक्षात उतरला. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने जुनी पद्धत सोडून हीच पद्धत, म्हणजे टीसीपी/आयपी, स्वीकारली.

या पद्धतीतील आयपी हा प्रोटोकॉल, म्हणजे देवघेवीचा ठरलेला नियम, जाळ्याकडून फार थोडे मागतो. पत्ता वाचावा, शक्य असल्यास पॅकेट, म्हणजे माहितीचा पत्ता घातलेला तुकडा, पुढे ढकलावे, एवढेच. ते पोचेलच, क्रमाने पोचेल किंवा एकदाच पोचेल, अशी हमी तो मागत नाही. ती मागितली असती तर रेडिओचे जाळे पहिल्याच दिवशी बाद झाले असते, आणि पुढे ज्यांची कल्पनाही तेव्हा नव्हती ती वाय-फाय व मोबाइलची जाळी त्यात सामावली नसती. आपले बोलणे बार्शीतील वाय-फायवरून फायबरवर, तेथून समुद्राखालच्या केबलवर आणि पुढे जर्मनीतील मोबाइल मनोऱ्यावर जाते, तेव्हा यांतील कोणालाही दुसऱ्याच्या आतल्या रचनेची माहिती नसते.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. आपण आणि आपली मुलगी बहुधा एकच ॲप वापरत असाल. जाळी एकमेकांशी बोलतात, पण त्यांवर चालणारी बरीच संदेश-ॲप बोलत नाहीत. ई-मेलचे तसे नाही. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खुल्या प्रोटोकॉलमुळे कोणत्याही कंपनीचा ई-मेल दुसऱ्या कंपनीकडे जातो. संदेश-ॲपमधील ही भिंत कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी ठेवलेली आहे, तंत्रज्ञानाची ती अडचण नाही, आणि ग्राहकांनी ती स्वाभाविक मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या शाखेत नवे ब्रॉडबँड घेतल्यापासून मुख्य कार्यालयाशी व्हीपीएन (इंटरनेटवरूनच केलेली खासगी जोडणी) जोडले जाते, पिंगही (जोडणी चालू आहे का हे तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित जाते, लॉगिनचे पान उघडते, पण मोठा अहवाल मागितला की सारे अडकून बसते. लाइन देणारे म्हणतात लाइन ठीक आहे. सॉफ्टवेअरवाले म्हणतात लाइनच खराब आहे.
— पतसंस्थेचे संगणकाचे काम पाहणारे वाचक, विटा

उत्तर : दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे. आपण दिलेल्या लक्षणांवरून दोष पॅकेटच्या आकारात असावा असे वाटते. इथरनेटवर, म्हणजे कार्यालयातल्या नेहमीच्या तारांच्या जाळ्यावर, एका पॅकेटची कमाल मर्यादा साधारणपणे १५०० बाइट असते (एक बाइट म्हणजे आठ बिट). ब्रॉडबँड पीपीपीओई या जोडणीच्या पद्धतीचे असेल तर त्याच्या मथळ्याला, म्हणजे पॅकेटच्या आरंभी जोडलेल्या माहितीला, ८ बाइट लागतात आणि १४९२ उरतात. व्हीपीएन आपला मथळा आणखी जोडत असल्याने मर्यादा त्याहूनही खाली येते. मुख्य कार्यालयातील सर्व्हरला यातले काही माहीत नसते. तो १५०० बाइटचे पॅकेट पाठवतो आणि बहुतेक वेळा त्यावर ‘तुकडे करू नयेत’ अशी खूणही असते. वाटेतल्या राउटरला ते पुढे नेता येत नाही. नियमाप्रमाणे त्याने ‘पॅकेट मोठे आहे, माझी मर्यादा इतकी आहे’ असा आयसीएमपी संदेश, म्हणजे जाळ्यातील अडचण कळवणारा संदेश, सर्व्हरकडे परत पाठवायचा असतो, आणि तो पाठवतोही. पण सुरक्षिततेच्या नावाखाली अनेक ठिकाणी फायरवॉलवर, म्हणजे जाळ्याच्या दारावरील पहाऱ्याच्या यंत्रणेवर, पिंगपुरती परवानगी ठेवून बाकीचे आयसीएमपी संदेश सरसकट अडवलेले असतात. मग सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि शाखेत पडदा तसाच राहतो. विंडोजमधील साधा पिंग केवळ ३२ बाइट मजकूर पाठवतो, त्यामुळे तो या अडथळ्याखालून सहज निघून जातो.

खात्री करण्यासाठी पिंग ‘तुकडे करू नयेत’ हा पर्याय लावून आणि मजकुराचा आकार १४७२ ठेवून पाठवावा. त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की बरोबर १५०० होतात. ते गेले नाही तर १४६४ करून पाहावे, आणि व्हीपीएनमधून पाठवताना आकार आणखी कमी करत न्यावा. ज्या आकारापर्यंत पिंग जाते आणि ज्याच्या पुढे अडते, ते दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. लाइनवाले आणि सॉफ्टवेअरवाले या दोघांपुढे ठेवायला याहून चांगला पुरावा नाही. उपाय दोन आहेत. फायरवॉलवर तो एक संदेश मोकळा करणे हा योग्य उपाय. तो आपल्या हातात नसेल तर शाखेच्या राउटरवर टीसीपीच्या (दोन टोकांमधील देवघेव सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलच्या) एका हप्त्याचा आकार, ज्याला एमएसएस म्हणतात, तो कमी करून ठेवावा; पीपीपीओईसाठी तो १४५२ होतो आणि व्हीपीएनसाठी त्याहून कमी, आपल्या चाचणीत येईल त्याप्रमाणे.

प्रश्न : प्रकल्पासाठी मॉडबसवर (कारखान्यातील उपकरणांच्या देवघेवीच्या पद्धतीवर) चालणारा तापमानमापक वापरतो आहे. त्याच्या पडद्यावर १००० हा आकडा असतो तेव्हा माझ्या प्रोग्रॅममध्ये ५९३९५ येतो. तारा, वेग आणि पत्ता तपासला. सर्व बरोबर आहे.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यातच उत्तर आहे. १००० ही संख्या दोन बाइटमध्ये लिहिताना ३ आणि २३२ असे दोन भाग पडतात, कारण ३ गुणिले २५६ अधिक २३२ म्हणजे १०००. मॉडबसच्या नियमाप्रमाणे मापकाने आधी मोठा भाग, म्हणजे ३, आणि मग २३२ पाठवला. आपल्या संगणकाचा प्रोसेसर स्मृतीत छोटा भाग आधी ठेवणारा आहे. आलेले बाइट आपण जसेच्या तसे स्मृतीत ठेवून त्यांना संख्या म्हणून वाचले, म्हणून त्याने २३२ गुणिले २५६ अधिक ३ असा हिशेब केला आणि तो ५९३९५ येतो. ५ ऑगस्टची तारीख ५/८ अशी लिहावी आणि अमेरिकेतील माणसाने ती ८ मे म्हणून वाचावी, तसे हे झाले.

दोन्ही क्रम तितकेच योग्य आहेत आणि त्यावरून संगणकशास्त्रात पुष्कळ वाद झाले. डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या टिपणात त्याच वादाला शांत करण्याचा प्रयत्न होता. इंटरनेटच्या मथळ्यांपुरता हा प्रश्न मोठा भाग आधी असे ठरवून मिटवला गेला. आपल्या प्रोग्रॅममध्येही आलेले दोन बाइट सुटे घेऊन, पहिल्याला २५६ने गुणून त्यात दुसरा मिळवावा. असे लिहिलेला प्रोग्रॅम कोणत्याही प्रोसेसरवर सारखाच चालतो, कारण त्यात प्रोसेसरच्या सवयीवर काहीही अवलंबून राहत नाही.

पुढे एक खड्डा आहे. मॉडबसमधील एक नोंद १६ बिटांची असते. ३२ बिटांची संख्या दोन नोंदींत विभागून येते, आणि त्या दोन नोंदींपैकी आधी कोणती, हे मानकात ठरवलेले नाही. उत्पादक आपापल्या मनाप्रमाणे ठेवतात. माहितीपुस्तिका पाहावी, आणि तरीही चारही भाग वेगळे असलेली एखादी माहीत असलेली संख्या पाठवून खात्री करावी. शून्यावर चाचणी करून समाधान मानू नये, कारण शून्य कसेही फिरवले तरी शून्यच राहते.

प्रश्न : आमच्याकडे सभासदांच्या दोन याद्या आहेत, एक जुन्या प्रणालीतून काढलेली आणि दुसरी मोबाइलवर भरून घेतलेली. दोन्ही युनिकोडमध्ये (सर्व लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सामाईक संकेतात) आहेत. ‘कऱ्हाड’ हे गाव दोन्हींत डोळ्यांना अगदी सारखे दिसते, पण याद्या जुळवताना संगणक त्यांना दोन वेगळी गावे समजतो.
— ग्रंथालय कर्मचारी, सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देतो, कारण मराठीत माहिती साठवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला ही अडचण कधी ना कधी येते, आणि इतर भाषांसाठी लिहिलेल्या सूचनांत तिचा पूर्ण उलगडा सापडत नाही.

‘कऱ्हाड’मधील ऱ्ह युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवलेला आढळतो. पहिल्या प्रकारात ऱ हे खालच्या टिंबासह एकच स्वतंत्र अक्षर असते, त्यापुढे हलन्ताचे चिन्ह आणि मग ह. दुसऱ्या प्रकारात साधा र, त्यापुढे सुटा नुक्ता, म्हणजे खालचे टिंब, मग हलन्त. तिसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह असते. ‘शून्य रुंदीचा सांधा’ असे त्याचे वर्णन करता येईल. पडद्यावर तिन्हींचे चित्र एकच उमटते. साठवणीत मात्र पहिल्यात सहा चिन्हे आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १८ बाइट होतात, तर उरलेल्या दोन्हींत सात चिन्हे आणि २१ बाइट होतात. संगणक चित्राची तुलना करत नाही, बाइटची करतो, म्हणून त्याला ही तीन गावे वाटतात.

युनिकोडने यासाठी ‘सामान्यीकरण’ ठरवून दिले आहे आणि त्याचा एनएफसी हा प्रकार जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत तयार मिळतो. तो चालवला की दुसऱ्या प्रकारचा र आणि नुक्ता एकत्र होऊन पहिला प्रकार होतो. तिसऱ्या प्रकाराला तो हात लावत नाही. येथे काही जण सर्व अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकतात, आणि मराठीत हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरतो. सांधा काढला की ऱ्ह जाऊन रफार येतो आणि गावाचे नाव ‘कर्हाड’ होते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, पहिला डोंगरातल्या दऱ्यांचा आणि दुसरा समुद्राचा. सरसकट सफाईने दोन्हींचा ‘दर्या’ होईल आणि मूळ कोणते होते हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून आधी ‘र, हलन्त, सांधा’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालावे, आणि त्यानंतरच उरलेल्या अदृश्य चिन्हांचा विचार करावा.

असाच दुसरा प्रकार ‘ॲ’चा. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आले. तोपर्यंत लोक अ लिहून त्यावर चंद्र देत आणि अनेक कळफलक आजही तसेच करतात. ‘ॲड.’ ही वकिलांची उपाधी किंवा ‘ॲना’ हे नाव त्यामुळे दोन प्रकारे साठते, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते एकमेकांचे पर्याय नाहीत. तो बदलही आपल्यालाच करावा लागेल. देवनागरी व इंग्रजी अंकांचे काय करायचे हेही एकदाच ठरवून घ्यावे.

हे सर्व कोठे करावे, हा खरा प्रश्न आहे. इंटरनेटच्या आरंभीच्या काळात जॉन पोस्टेल यांनी असा दंडक लिहून ठेवला होता की स्वतः पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याकडून घेताना उदार असावे. त्या उदारपणाची किंमत पुढे अनेक प्रणालींनी मोजली, कारण चुकीचे खपवून घेतले की ते टिकून राहते. आपल्या बाबतीत माझा सल्ला असा की फॉर्म भरणाऱ्या माणसाशी उदार राहावे, त्याच्या कळफलकातून जे येईल ते घ्यावे. पण माहिती यादीत शिरते त्या उंबरठ्यावरच वरील क्रमाने ती एकसारखी करावी आणि आत फक्त एकच प्रकार ठेवावा. मूळ जसे आले तसे वेगळ्या रकान्यात जपून ठेवावे. प्रत्येक अहवालाच्या वेळी नव्याने जुळवाजुळव करत राहिल्यास दोन अहवालांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

प्रश्न : १९९८ च्या सुमाराच्या आमच्या अंकांच्या फाइल आज उघडल्या की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्या गेल्या असे समजावे का?
— एका छोट्या प्रकाशन संस्थेचे संपादक, पुणे

उत्तर : बहुधा गेलेल्या नाहीत. त्या काळच्या डीटीपीत, म्हणजे संगणकावरील पानजुळणीत, इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट वापरले जात. फाइलमध्ये मराठी नसे. मराठी फाँटमध्ये असे. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा होता. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने जिस्ट या भारतीय लिपींच्या ज्या तंत्रज्ञानावर काम केले, त्याच्याशी जोडलेला ‘इस्की’ हा भारतीय लिपींचा सामाईक संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला होता आणि युनिकोडची देवनागरी त्याच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. पण छपाईच्या धंद्याने सोयीसाठी फाँटचाच मार्ग धरला. सामाईक संकेत हाताशी असताना तो न वापरल्याची झीज आज आपण सोसत आहोत, याची मला खंत वाटते.

रूपांतर करून घेताना मूळ फाइल आणि फाँटचे नाव सोबत द्यावे. साध्या मजकुराची नक्कल दिली तर त्यातील खरे इंग्रजी शब्द कोणते आणि मराठीचे तुकडे कोणते, हा भेद पुसला जातो. तपासणीसाठी ‘दिवाळी’ आणि ‘कीर्ती’ असे शब्द असलेले पान निवडावे. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर असते. रफार जुन्या पद्धतीत ‘ती’ संपल्यावर येतो आणि युनिकोडमध्ये त्याला वेलांटी ओलांडून त च्या आधी न्यावे लागते. निकृष्ट रूपांतरक येथेच घसरतात. ‘राष्ट्र’, ‘श्री’ आणि ‘तऱ्हा’ हेही त्याच पानावर पाहून घ्यावेत.

प्रश्न : सभासदांना पाठवलेल्या मराठी एसएमएसचे बिल इंग्रजीच्या दुप्पट-तिप्पट का येते?
— गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, डोंबिवली

उत्तर : एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरे सात बिटांची धरल्याने १६० बसतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७० बसतात. संदेश लांबला तर तुकडे जोडण्याच्या माहितीला जागा द्यावी लागते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. शिवाय काना, वेलांटी आणि हलन्त हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ या शब्दाची चिन्हे सात होतात. पूर्ण इंग्रजी संदेशात एकच देवनागरी अक्षर किंवा ₹ हे चिन्ह आले तरी सगळा संदेश १६ बिटांवर जातो, आणि बिल अचानक वाढण्याचे कारण अनेकदा तेच असते. रोमन लिपीत मराठी लिहून हा खर्च वाचवू नये असे मला वाटते. वयस्क सभासदांना ती वाचताना त्रास होतो, आणि रक्कम, मुदतीची तारीख व भरणा कोठे करायचा एवढेच लिहिले तर मजकूर ७० चिन्हांत सहसा बसतो. पाठवण्यापूर्वी सेवा पुरवणाऱ्याच्या प्रणालीत चिन्हांची संख्या दिसते ती पाहून घ्यावी.